पाणी उतरल्यावरचा गणपती

परवा मंडळाची मीटिंग झाली. विषय देखावा, म्हणजे भांडण ठरलेलं. नाना म्हणणार हलता देखावा करू, पोरं म्हणणार लायटिंग, आणि शेवटी पावती पुस्तकं उघडून बघितली की दोघंही गप. ते ऐकत बसलो होतो आणि मला 2019 चा गणपती आठवला, देखावा असा काही नव्हताच त्या वर्षी.

सांगलीच्या गावभागातलं आमचं मंडळ, एकदम छोटं. गणपती पाच दिवसांचा, कारण संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी जातो म्हटल्यावर आपला मागं ठेवून कसं चालेल. संगीत खुर्ची, रांगोळी, लिंबू-चमचा, शेवटी महाप्रसाद, दरवर्षी तेच आणि दरवर्षी तेच पाहिजे असतं.

आम्हा सांगलीकरांना लहानपणापासून फुटांची भाषा येते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 45 फूट झालं की धोका. 2005 ला 53 च्या पुढं गेलेलं, त्यामुळं 2019 च्या ऑगस्टमध्ये सगळे तोच हिशोब धरून बसले, तेव्हा पायरीला लागलेलं ना, मग आता फार तर उंबऱ्याला लागेल, चला गाद्या कॉटवर टाका आणि झोपा. पाणी गेलं 57 च्या वर. कॉट, गाद्या, फ्रीज, सगळं पाण्यात. आम्ही कुपवाडला चुलत भावाकडं, कोण विश्रामबागेत, कोण शाळेत, गल्ली सगळी विखुरली.

परत आलो तेव्हा पहिला आला तो वास. घरात घोट्याएवढा चिखल, भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ. मंडळाच्या खोलीतला पेटारा उघडला तर झांजा तेवढ्या शाबूत, मखर हातात घेतलं की लगद्यासारखं सुटतंय. नाना तिथंच पायरीवर बसले आणि म्हणाले, यंदा नको. कोण काय बोलणार.

पण पोरं फावडी घेऊन आलीच होती, एकेक घर करत निघाली. बाहेरगावाहून टेम्पो येत होते पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेट घेऊन, अनोळखी माणसं आमच्या मोऱ्या धूत होती, खरं सांगतो लाज वाटायची आधी, मग त्यांच्याबरोबरच चहा प्यायला बसायला लागलो.

कोपऱ्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या काकू आहेत, एकट्याच असतात. त्यांच्याकडं गिऱ्हाइकांच्या साड्या, फॉलला आलेल्या, सगळ्या चिखलात. काकू दारात उभ्या, ना रडणं ना बोलणं, आणि हेच जास्त भीतीदायक होतं. आमच्यातला एकजण गॅरेजवर काम करतो, त्यानं न विचारता मशीन उचललं, मंडळाच्या खोलीपुढं डिझेलात घालून एकेक भाग सुटा केला, बॉबिनच्या खाचेतला गाळ काढायला त्यानं काकूंच्याच केसातली पिन मागून घेतली. काकू पिन द्यायला म्हणून आल्या आणि तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी पण आल्या. तिसऱ्या दिवशी "अरे तेल किती घालतोयस, धागा काळा पडंल माझा" म्हणून ओरडल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

मशीन चाललं. मग काकूच म्हणाल्या, गणपती बसवा, पडदा मी शिवते. धुऊनसुद्धा डाग न गेलेल्या आणि गिऱ्हाइकांनी राहू दे म्हणून सोडून दिलेल्या साड्या जोडून त्यांनी मागचा पडदा केला, खाली सगळ्या साड्यांना तोच मातकट रंग, आणि वर जांभळी, पोपटी, मोतिया असं काय वाट्टेल ते.

2 सप्टेंबरला मूर्ती बसली, नेहमीच्या निम्मी. वर्गणी कुणाकडं मागितलीच नाही. एरवी आरतीला आठ टाळकी असतात, त्यातली चार प्रसादासाठी. त्या पाच दिवसांत गल्ली पुरायची नाही. आरती झाली तरी लोक हलायचे नाहीत, घरी जाऊन करणार काय, ओल्या भिंतीच बघायच्या ना. मग तिथंच भडंग फिरायचं, पंचनाम्याला कोण आलं, कुणाचं मीटर चालू झालं, कुणाकडं जास्तीचा पंखा आहे, हेच चालायचं रात्री अकरापर्यंत. नाना रोज पहिले येऊन सतरंजी टाकायचे, यंदा नको म्हणणारे तेच.

परवाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, तो पडदा आता बदलूया, कळकट दिसतो. काकू मागं बसल्या होत्या. म्हणाल्या, "बदला की, पण त्या वेळचे दोऱ्याचे चाळीस रुपये अजून यायचेत माझे."