सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस: सायकलवर, मामासाठी

एड्स/लाइफसायकल ही एचआयव्ही-एड्सच्या कामासाठी पैसे जमवणारी सायकल राइड. तिला सायकल चालवण्याआधी पैसे मागावे लागायचे, आणि मला विचाराल तर तेच जास्त जड जायचं. अंतर 545 मैल, म्हणजे जवळजवळ 877 किलोमीटर, तेही सात दिवसांत. त्यासाठी पाय तयार होतात. महिनोन्महिने शनिवार-रविवार सायकल हाणली की होतातच. पण 2019 साली आम्ही नाव नोंदवलं तेव्हा प्रत्येकाने किमान 3000 डॉलर देणगी जमवायची असा नियम होता. कॅन्सर म्हटलं, मुलींचं शिक्षण म्हटलं, की आपल्या लोकांचा हात पटकन खिशात जातो. एड्स म्हटल्यावर मात्र व्हॉट्सॲपवर निळ्या टिका उमटायच्या आणि उत्तर यायचं नाही. एकाने तर "दुसरं काही चांगलं काम असेल तर सांग" असं लिहिलं. त्याचा राग मला तेव्हा आला होता आणि आजही आहे.

ही राइड आता होत नाही. 2025 ची शेवटची. खर्च वाढत गेले, सायकलस्वार कमी होत गेले, आणि ती चालवणाऱ्या दोन संस्थांनी, सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन आणि लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर यांनी, थांबायचं ठरवलं. म्हणून मला हे लिहून ठेवायचं आहे, त्यातही मुख्यतः तिसऱ्या दिवसाबद्दल.

मला यात ओढलं ते माझ्या मित्राने. "चल रे, एकट्याला कंटाळा येईल," एवढंच म्हणाला होता. त्याने स्वतःचे पैसे केव्हा आणि कसे जमवले ते मला कळलंही नाही. कारण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इतक्या वर्षांची मैत्री, पण काही दारं आपण ठोठावत नाही.

पहिले दोन दिवस समुद्र, वारा, स्ट्रॉबेरीची शेतं आणि झोप. दुसऱ्या दिवशी सांताक्रूझ ते किंग सिटी तब्बल 109 मैल होते, पण सलिनासच्या खोऱ्यात वारा पाठीला असला की ते अंतर परवडायचं. मुक्काम तंबूत. तंबू आपणच लावायचा, सकाळी आपणच मोडून, गुंडाळून ट्रकपाशी नेऊन द्यायचा. दोन माणसं आणि दोन बॅगा त्यात कशाबशा मावायच्या. आंघोळ ट्रकमधल्या शॉवरखाली, आणि तिथे रांग. जेवणाला रांग, सकाळी शौचालयाला तर लांबच लांब रांग. दोन हजारांवर सायकलस्वार आणि त्यांच्यासाठी राबणारे शेकडो स्वयंसेवक, ज्यांना तिथे रोडी म्हणायचे. मला गर्दी सोसत नाही. या गर्दीत मात्र कुणी कुणाला ढकलत नव्हतं, पुढे घुसत नव्हतं. रस्त्यावरही तेच. ही शर्यत नाही हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असायचं. एकामागे एक चालायचं, ओलांडताना "डावीकडून येतोय" असं ओरडून सांगायचं, कानात काही घालायचं नाही, प्रत्येक स्टॉपच्या पाटीला पाय टेकायचा. दमलात तर गाडी येऊन उचलून न्यायची आणि कुणी नाक मुरडत नसे.

तिसऱ्या दिवशी किंग सिटी सोडल्यावर थोड्याच वेळात एक चढ लागतो. त्याला क्वाडबस्टर म्हणतात, मांड्या फोडणारा. चढ चांगलाच खडा आहे, पण माझ्या लक्षात राहिली ती तिथली माणसं. जे दमदार होते ते वर पोचायचे, सायकल वळवायचे आणि परत खाली यायचे. मग कुणा धापा टाकणाऱ्याच्या शेजारी येऊन त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचे आणि तसेच ढकलत वर न्यायचे. त्याला सोडलं की पुन्हा खाली. माझ्या पुढे पन्नाशीतली एक बाई होती, सायकल जवळजवळ उभी राहिली होती. एका पोराने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत होती आणि पॅडल मारत होती, दोन्ही एकदम. तो तिच्याशी एक शब्दही बोलत नव्हता, नुसता हात. त्याच्या हाताची बोटं ताणून पांढरी पडलेली मला दिसत होती.

तिथून पुढे ऊन वाढत गेलं आणि दुपारी ब्रॅडली आलं. ब्रॅडली म्हणजे चार घरं आणि एक शाळा. या राइडच्या दिवशी तिथली मुलं, पालक आणि शिक्षक मिळून सायकलस्वारांना बर्गर भाजून विकायचे आणि त्या पैशांतून शाळेचे उपक्रम चालायचे. एवढंसं गाव, पण असं आतिथ्य मी मोठमोठ्या हॉटेलांत पाहिलेलं नाही. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पाण्याचा जग दोन्ही हातांनी छातीशी धरून रांगेजवळून फिरत होती आणि प्रत्येकाच्या बाटलीत काळजीपूर्वक पाणी ओतत होती.

त्या रांगेत आमच्या पुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांच्या सायकलवर पॉझिटिव्ह पेडलर्सचा छोटा झेंडा. एचआयव्ही असलेल्या सायकलस्वारांचा हा गट. आपल्याला काय आहे हे झेंडा लावून सांगत ते 545 मैल जायचे. गप्पा सुरू झाल्या. त्यांना 1989 मध्ये निदान झालं होतं. एझेडटी हे एकच औषध 1987 पासून होतं आणि ते पुरं पडत नव्हतं. जवळचे मित्र एकेक करून गेले. मग 1996 मध्ये तीन औषधं एकत्र द्यायचे उपचार आले आणि ते वाचले. आता रक्तात विषाणू सापडत नाही, आणि तो सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागतही नाही, हे त्यांनी हवामान सांगावं इतक्या सहज सांगितलं. मग त्यांनी माझ्या मित्राला विचारलं, "तू कोणासाठी चालवतोयस?"

मला वाटलं हा काहीतरी गुळमुळीत बोलेल. त्याने मामाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

मामा त्याच्या आईचा धाकटा भाऊ. 1998 साली गेला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. घरात सगळ्यांना टीबी सांगितला होता, आणि तेही अर्धं खरंच होतं, कारण आपल्याकडे एचआयव्हीच्या रुग्णाला बहुधा टीबीच गाठतो. बाकीचं अर्धं कुणी कधी उच्चारलं नाही. फोटो भिंतीवरून उतरला. श्राद्ध झालं, पण आठवणी निघाल्या नाहीत. माझ्या मित्राला तर मामानेच सायकल शिकवली होती.

त्या ऊन्हात माझ्या डोक्यात तारखाच फिरत राहिल्या. औषध 1996 मध्ये आलं होतं. मामा त्यानंतर दोन वर्षांनी गेला. पण तेव्हा त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. 2001 मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी अशी तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केली, तेव्हा कुठे जगातल्या गरिबांपर्यंत ती पोचू लागली. आणि भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची ही औषधं, द्यायला सुरुवात केली ती 1 एप्रिल 2004 पासून. समोरचे गृहस्थ आणि मामा, दोघांचा आजार एकच. एक बर्गरच्या रांगेत उभा होता आणि एक नव्हता, यात दोघांच्या वागण्याचा, नशिबाचा, पापपुण्याचा काही संबंध नाही. औषध हाताशी होतं की नव्हतं, एवढाच फरक. म्हणून पैसे जमवणं ही या राइडची दुय्यम बाब होती असं मला कुणी सांगू नये. चाचणी, उपचार, प्रतिबंधाची औषधं, स्वच्छ सुया हे सगळं त्या पैशांतून लोकांना मिळत होतं.

त्या गृहस्थांनी मित्राकडून मामाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं, उच्चार नीट यावा म्हणून. मग स्वतः म्हणून पाहिलं.

चौथा दिवस चढांचा आणि पाचवा लाल कपड्यांचा. त्या दिवशी झाडून सगळे लाल घालायचे आणि वळणाच्या रस्त्यावर लांबून बघितलं की लाल फीत दिसायची, एड्सविरुद्धच्या लढ्याची खूण. सहाव्या रात्री व्हेंचुराच्या किनाऱ्यावर मेणबत्त्या लावायचे, गेलेल्यांसाठी. माझा मित्र तिथे आलाच नाही. तंबूबाहेर बसून घरी फोन करत होता, तिकडे सकाळ झाली होती. काकू, म्हणजे त्याची आई, आधी चिडल्या, "परक्या लोकांसमोर कशाला काढायचं ते?" मग बराच वेळ बोलत राहिल्या. मामाला भजी किती आवडायची, तो किती जोरात हसायचा, असं सगळं. शेवटच्या दिवशी लॉस एंजेलिसला पोचलो.

2020 साठी आम्ही पुन्हा नावं दिली होती. राइड कोविडमुळे रद्द झाली, पण देणगीची पानं उघडी होती. त्याच्या पानावर एके दिवशी काकूंनी भाच्याकरवी पैसे भरायला घेतले आणि मध्येच फोन केला, "इथे नाव विचारतायत. माझं टाकू का त्याचं?"

"त्याचं टाक, आई. आडनावासकट."