आषाढातल्या तबकड्या

सोमवार

तीन दिवस संततधार. कपाट उघडल्याबरोबर तो वास आला, ओल्या पुठ्ठ्याचा, किंचित आंबूस. घरात रेकॉर्डी असणाऱ्यांना या वासाचा अर्थ लगेच कळतो. बुरशी आधी कव्हरला धरते, तबकडीला नंतर. तबकडीचं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, एक प्लास्टिक. त्यात बुरशीला खायला फारसं काही नसतं. तिला हवा असतो पुठ्ठा, कव्हर चिकटवलेली खळ, आतलं कागदी पाकीट आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा. तिथे ती पोसते आणि मग तबकडीवरच्या, आवाज कोरलेल्या खाचांत उतरते. म्हणून तबकडी कितीही चकाचक धुतली, तरी पुन्हा त्याच जुन्या पाकिटात घातली की पांढरे ठिपके परत येणारच. धुण्याआधी नवी पाकिटं आणून ठेवावीत. आतून गुळगुळीत प्लास्टिकचा पातळ थर असलेली कागदी पाकिटं सगळ्यांत चांगली.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढावं, मागून हवा खेळू द्यावी. सिलिका जेलच्या पुड्या दार घट्ट बसणाऱ्या कपाटातच कामाच्या. उघड्या मांडणीवर त्या ठेवणं म्हणजे अख्ख्या खोलीची ओल पुडीत भरायला निघणं. कॅमेऱ्याच्या कपाटात लावतात तसा बल्ब मात्र इथे नको. पुठ्ठा वाळेल, पण बल्बाजवळची तबकडी वाकेल.

तबकड्या उभ्याच ठेवायच्या, तिरक्या टेकवून नाही आणि एकावर एक तर कधीच नाही. ३३ सेंटिमीटरच्या चौकोनी कप्प्यात साठ-सत्तर एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्या, मावतात आणि त्यांचं वजन पंधरा-सोळा किलोच्या घरात जातं. पातळ फळी त्याखाली झोळ घेते आणि मग मधल्या तबकड्या आपोआप कलतात.

मंगळवार

आज धुणं. यावर जितकं बोलावं तितकं थोडं, कारण बहुतेक रेकॉर्डी सुईने खराब होण्याआधी चुकीच्या पुसण्याने खराब होतात.

एक लिटर द्रव करायचा तर ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन थेंब. तिसरा थेंब नको. साबण खाचेत राहिला तर वाजताना एक धूसर सळसळ येते, आणि मग ती काढण्यासाठी पुन्हा धुणं आलं. साबण घालायचा तो मळ काढण्यापेक्षा पाण्याचा ताण मोडण्यासाठी. एलपीची खाच केसाहूनही अरुंद असते. नुसतं पाणी तिच्या काठावर थेंब होऊन बसतं, तळाशी जात नाही. नळाचं पाणी टाळावं. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर त्यातला क्षार वाळून खाचेतच बसतो आणि तो पुसून निघत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावरही मिळतं.

लेबल कोरडं राहील अशा बेताने द्रव पसरावा. बुरशी असेल तर पाच मिनिटं भिजू द्यावं, नुसती धूळ असेल तर एक मिनिट पुरे. मग मऊ केसांचा रुंद ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल, फिरवायचा. आडवा नाही. तबकडीच्या मधून काठाकडे पुसण्याची जी घरोघरची सवय आहे, तिने धूळ खाचांवरून फरफटत जाते आणि तेच बारीक ओरखडे नंतर उजेडात चमकतात. पाच-सहा फेरे एका दिशेने, तितकेच उलट दिशेने. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्यांदा धुऊन काढायचं. हा दुसरा टप्पा गाळला तर सुटलेला मळ आहे तिथेच वाळतो.

वाळवायला स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा ताटाळा उत्तम. एरवी अर्ध्या तासात वाळते, पण या हवेत दोन तास धरावेत. हेअर ड्रायर नको. तबकडी पाकिटात घालताना किंचितही दमट राहिली तर सगळी मेहनत बुरशीच्या पथ्यावर पडते. अल्कोहोल आहे, तेव्हा गॅसजवळ हे काम करू नये. बुरशीच्या तबकड्या पुसताना तोंडाला फडकं बांधावं आणि बाकीचा संग्रह दुसऱ्या खोलीत असू द्यावा.

धुतल्यावर पहिल्यांदा वाजवली की सुईच्या टोकावर करडा पुंजका जमतो. बरेच जण इथे घाबरतात. भिजून सैल झालेला मळ सुईने तळातून वर आणलेला असतो, एवढंच. सुई स्वच्छ करायची आणि तीच बाजू पुन्हा लावायची. दहापट भिंगातून तो पुंजका एकदा जरूर पाहावा. कागदाचे तंतू, काळपट चिकटा आणि त्यात अडकलेले चकाकते कण. इतकी वर्षं तो आवाजाच्या आड बसलेला असतो. तो निघाल्यावर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झणकार, ऐकावी. तिचा एरवी घोगरा झालेला शेवट पूर्ण उलगडतो, आणि त्या एका क्षणासाठी हे सगळं धुणं-वाळवणं मला मनापासून प्रिय आहे.

एक मात्र आहे. जुन्या काही एलपी मऊ प्लास्टिकच्या पिशवीत येत. ती वर्षानुवर्षं चिकटून राहून तबकडीवर ढगाळ डाग पाडते. ते डाग धुण्याने जात नाहीत. पिशवी आजच फेकावी, म्हणजे निदान पुढचं नुकसान टळेल.

बुधवार

काल सांगितलेलं द्रावण ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीला लावायचं नाही. एक थेंबही नाही. ती लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाला सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये घालून मुरवत ठेवतो, तीच गोष्ट. अल्कोहोल लागलं की पृष्ठभाग मंद पडतो आणि खाच गेली ती कायमची. लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एक थेंब, झटपट पुसणं, झटपट वाळवणं. भिजत ठेवणंही नको, तडा असेल तर त्यात पाणी शिरतं. आणि हातात धरताना दोन्ही तळव्यांनी काठावर. ही तबकडी पडली की तुकडेच होतात.

ही लाख इथलीच. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला रेकॉर्डींचा कारखाना निघाला, १९२८ साली तो दमदमला आला. त्याआधी, नोव्हेंबर १९०२ मध्ये गायिका गौहर जान यांचं गाणं कोलकात्यातच मुद्रित झालं, पण तबकडी छापून यायची जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. त्या काळचे गायक शेवटी आपलं नाव सांगतात ते यासाठी की, तिथल्या माणसाला लेबलावर काय छापायचं ते कळावं. तीन-सव्वातीन मिनिटं एवढाच अवकाश, आणि त्यातली दोन-तीन सेकंदं नावाला. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते घाई नसण्याचं. घड्याळ समोर असूनही षड्जावर थांबायला त्यांना वेळ आहे.

गुरुवार

सुई. दोन ग्रॅम.

कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी. तिच्या कागदावर सुईने तबकडीवर किती वजन टाकायचं ते दिलेलं असतं. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना साधारण १.८ ते २ ग्रॅम लागतं. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचं वजन फिरवत फिरवत आर्म हवेत तराजूसारखा समतोल राहील असं करायचं. या वेळी अँटीस्केटिंग, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली योजना, शून्यावर हवं आणि सुईचं झाकण काढलेलं. मग वजनावरची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर आणायची आणि आकडे व वजन मिळून दोनपर्यंत फिरवायचं. अँटीस्केटिंगही दोनवर. चकतीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सोनाराच्या काट्यासारखे छोटे डिजिटल काटे मिळतात, त्यावर एकदा ताडून पाहावं.

‘हलकी सुई रेकॉर्ड जपते’ हा समज मोडायला हवा. वजन कमी पडलं की जोराच्या तानेत सुई खाचेच्या भिंतीवर टेकून राहत नाही, उडते, आणि परत आपटते ती त्याच भिंतीवर. ठरलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला राहणं जास्त सुरक्षित. खरं नुकसान केलं ते जुन्या सूटकेस-प्लेयरमधल्या पाच-सहा ग्रॅमच्या सिरॅमिक कार्ट्रिजनी आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या सुयांनी. लंबगोल टोकाची सुई साधारण ३०० तास चालते. एलपीच्या दोन बाजू मिळून चाळीस मिनिटं धरली तर हे झाले साडेचारशे एलपी. रोज एक लावणाऱ्याने सव्वा वर्षाने सुई बदलावी. वहीत उभ्या रेघा मारून हिशेब ठेवणं सोपं.

७८ साठी सुई वेगळीच. एलपीच्या सुईचं टोक सुमारे ०.०१८ मिलिमीटर त्रिज्येचं, ७८ चं ०.०७५. बारीक सुई रुंद खाचेत घातली तर ती तळातल्या कचऱ्यात लोळते आणि फक्त खरखर ऐकवते. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावणं म्हणजे एका वाजवण्यात तिची हत्या. तिथली पोलादी पिनही प्रत्येक बाजूला नवी लागते.

शुक्रवार

अभिजात संगीत ऐकणाऱ्याला टर्नटेबलचा, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा, दोष सगळ्यांत आधी कळतो. कारण तंबोरा. पॉपच्या गाण्यात जी लहर लपून जाते ती इथे लपत नाही. तबकडीचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी शेवटच्या खाचांत स्वर दर फेऱ्याला जवळजवळ श्रुतीभर वर-खाली झुलतो. वाजताना आर्मच्या डोक्याकडे पाहावं. ते डावी-उजवीकडे डोलत असेल तर दोष तबकडीचा. भोक सैल असेल तर तबकडी हलकेच एका बाजूला सरकवत डोलणं थांबवता येतं.

डोलत नाही, तरी सगळंच उतरल्यासारखं वाटतंय? मग बेल्ट, टर्नटेबल फिरवणारा रबरी पट्टा. उन्हाळ्यातल्या उष्म्याने रबर ताणतं, वेग घटतो. स्ट्रोबोस्कोपची रेघा मारलेली कागदी चकती ठेवून पाहावं. वेग बरोबर असला तर दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघांची चकती हवी. अमेरिकी चकतीवर २१६ असतात, ती इथे खोटंच सांगणार. शिवाय चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा थांबून दिसतच नाहीत, त्याला निऑनचा छोटा दिवा लागतो.

जुन्या ७८ ची गोष्ट याहून रंजक. नाव ७८ असलं तरी सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या त्याच वेगाने कापलेल्या नसत. अशा वेळी हार्मोनियम घेऊन बसावं. काळी एकमध्ये गाणारा म्हणून ठाऊक असलेला गायक पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू आला, तर तबकडी सहा टक्के जास्त वेगाने फिरते आहे. ७३.६ ला आणली की आवाज घशात परत उतरतो, तानेतला उतावीळपणा जातो, आणि नाकात गाणारा वाटलेला माणूस छातीतून गाऊ लागतो.

शनिवार

दिवसभर वीज नाही. कव्हरांना सेलोटेप न लावता आम्लरहित डिंकाने चिकटवण्याचं काम. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून चित्रात शिरतो.

रविवार

उघडीप. कव्हरं सावलीत, दोऱ्यावर तंबूसारखी पालथी. थेट उन्हात नाही, रंग उडतो.

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा कुठल्याही रद्दीवाल्याकडे तबकड्या घ्यायला जाताना खिशात छोटी बॅटरी असावी. उजेड वरून नव्हे, तिरका टाकायचा. दिसतो पण नखाला लागत नाही असा ओरखडा बहुतेक वेळा वाजत नाही. नख अडकलं की तो वाजणारच. मग डोळ्यांच्या रेषेत धरून वाक पाहायचा. एक दोष मात्र फसवा असतो. तबकडी काळीभोर, ओरखडा नाही, तरी खाचा करड्या, निस्तेज. ती जड सुईने घासलेली. तिला कुठलंही पाणी वाचवत नाही. पुष्कळदा पहिली दहा मिनिटं ठीक वाजतात आणि द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, आली की आवाज फाटतो. त्याचंही कारण आहे. काठावर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत त्याच ताना कोंबलेल्या असतात, आणि झीज तिथेच आधी बोलते.

एचएमव्ही कंपनीच्या जुन्या एलपीच्या क्रमांकात ईसीएलपी असेल तर मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो निघाली तर वाईट वाटून घेऊ नये. मोनो खाच फक्त आडवी हलते. अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं की धुळीचा उभा आवाज दोन्ही बाजूंनी एकमेकाला खाऊन टाकतो आणि चरचर बरीच खाली बसते.

संध्याकाळी मंगळवारी धुतलेली एलपी, दुसरी बाजू. टक्. बरोबर १.८ सेकंदांनी पुन्हा टक्, म्हणजे आडवा ओरखडा, धूळ नव्हे. धुळीला असा ताल नसतो. सहा फेरे, सात, आठ, दर वेळी थोडा बारीक. नववा ठेक्यात कुठेतरी विरला. पुढे नुसता तंबोरा, आणि मध्यमावर थांबलेला आवाज.