अलास्काची क्रूझ: आधी हिमनदीचा दिवस बघा, जहाज नंतर

अलास्काला क्रूझने जायचं ठरलं की पहिली चौकशी असते, 'रॉयल कॅरिबियन घ्यावी की प्रिन्सेस?' सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझला हा प्रश्न बरोबर आहे, कारण तिथे जहाज हीच सहल असते. अलास्कात बघायचं ते सगळं कठड्याच्या पलीकडे. कोणतं जहाज कुठल्या हिमनदीपाशी जातं आणि तिथे किती वेळ थांबतं, यात मात्र कंपन्या-कंपन्यांत मोठा फरक आहे. म्हणून माहितीपत्रकातले पोहण्याचे तलाव आणि रेस्टॉरंट सोडून द्या. वेळापत्रकात ज्या दिवसापुढे 'सीनिक क्रूझिंग' (बंदराला न लागता नुसतं निसर्ग बघत फिरणं) लिहिलंय तो दिवस शोधा आणि त्याच्यापुढचं नाव वाचा.

तिथे 'ग्लेशियर बे' असेल तर निम्मं काम झालं. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांनाच आत सोडतात. परवाने उद्यानाशी झालेल्या करारांवर मिळतात. त्यांतला मोठा वाटा प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकेकडे आहे, नॉर्वेजियनच्या काही जहाजांनाही मिळतो. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी, डिस्ने यांच्या वेळापत्रकांत तो सहसा नसतो. एकाच कंपनीची सगळी जहाजंही तिथे जात नाहीत, त्यामुळे कंपनीच्या नावावर न जाता त्या तारखेच्या त्या फेरीचं वेळापत्रकच तपासावं.

उद्यानात जहाज जवळजवळ पूर्ण दिवस असतं. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेने हा किनारा नोंदवला तेव्हा आजच्या खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज मार्जरी हिमनदी गाठायला तिथून साधारण शंभर किलोमीटर आत जावं लागतं. मार्जरीचा दर्शनी भाग सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे. जहाज समोर तासभर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना सारखंच दिसतं. जॉन्स हॉपकिन्स हिमनदीकडे जाणारा फाटा मात्र १ मे ते ३१ ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असतो, कारण तिथे सीलची पिल्लं जन्मतात आणि वाढतात. तो सप्टेंबरच्या फेऱ्यांनाच मिळू शकतो.

दुसरं नाव हबर्ड. ही हिमनदी सुमारे १२० किलोमीटर लांब असून समुद्राला भिडणारा तिचा कडा दहाएक किलोमीटरचा आहे. बाकीच्या बहुतेक मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फियॉर्डचं (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीचं) तोंड काही काळ बंदच करून टाकलं होतं. दिसायला हबर्ड ग्लेशियर बेपेक्षा भव्य आहे, पण भरवशाची नाही. मे-जूनमध्ये खाडीत तरंगता बर्फ इतका साठतो की जहाज कित्येक किलोमीटर अलीकडूनच परत फिरतं. धुकं असलं तरी तेच. शिवाय इथला मुक्काम काही तासांचाच असतो.

तिसरं नाव एंडिकॉट आर्म, म्हणजे डॉज हिमनदीकडे जाणारी अरुंद खाडी. सिएटलहून निघणाऱ्या बऱ्याच मोठ्या जहाजांचा हिमनदीचा दिवस हाच. 'दिवस' म्हटलं तरी बहुधा पहाटे आत शिरून दुपारी पुढच्या बंदराला लागायचं असतं. खाडी वळणाची आहे आणि बर्फ जास्त असला तर चार हजार प्रवाशांचं जहाज शेवटच्या वळणाआधीच थांबतं. हिमनदीच्या खरोखर जवळ जाणारी छोटी बोट वेगळे पैसे घेऊन विकली जाते. ती घेणार असाल तर एंडिकॉट चांगलीच आहे, नाहीतर जहाजावरून जेमतेम दिसण्याचीही तयारी ठेवावी. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये १० ऑगस्ट २०२५ ला साउथ सॉयर हिमनदीजवळ प्रचंड दरड कोसळली आणि त्सुनामी उठली. त्यानंतर कंपन्यांनी आपल्या फेऱ्या एंडिकॉटकडे वळवल्या. जुन्या माहितीपत्रकात ट्रेसी आर्म दिसलं तर एजंटकडून ताजं वेळापत्रक मागून घ्या.

कॉलेज फियॉर्ड फक्त एकमार्गी, म्हणजे एका बंदरातून निघून दुसऱ्याच बंदरात संपणाऱ्या फेऱ्यांत येतो. हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांची नावं दिलेल्या बऱ्याच हिमनद्या तिथे एकाच ठिकाणाहून दिसतात. जोडीला मिळाला तर उत्तम, पण केवळ त्यासाठी मार्ग निवडू नये.

आता निघायचं बंदर. इथे १८८६ चा एक अमेरिकन कायदा आडवा येतो. परदेशी झेंड्याचं जहाज फक्त अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी नेऊ शकत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची आहेत. म्हणून सिएटल ते सिएटल फेरीत शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा थांबा टाकलेला असतो, बहुधा रात्री आठ ते बारा. जगप्रसिद्ध बुचार्ट गार्डन्स बघायला ही वेळ किती सोयीची आहे ते तुम्हीच ठरवा. सिएटलची जहाजं सहसा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरच्या बाजूने, खुल्या पॅसिफिकमधून जातात. ज्यांना बोट लागते त्यांना जाता-येता त्या पट्ट्यात त्रास होतो. कॅनडातल्या व्हँकूव्हरहून निघणारी जहाजं बेटाच्या आतून, जॉन्स्टन सामुद्रधुनी आणि सीमोर नॅरोजमधून निघतात. नॅरोजमधला भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोराचा असतो की कप्तान वेळ साधूनच तिथे शिरतो. तिथला रिपल रॉक नावाचा खडक १९५८ मध्ये स्फोटाने उडवावा लागला होता. पहिल्या संध्याकाळपासून दोन्ही बाजूंना डोंगर हवे असतील तर निघायचं ते व्हँकूव्हरहून.

तिसरा प्रकार एकमार्गी: व्हँकूव्हर ते अलास्कातलं व्हिटियर किंवा सुअर्ड, किंवा उलट. निसर्ग बघण्यासाठी हाच मार्ग सर्वांत भरीव, कारण परतीच्या वाटेवर दिवस जात नाहीत आणि बऱ्याच फेऱ्यांत दोन हिमनद्या मिळतात. एक रात्र-दिवस अलास्काच्या आखातातून खुला समुद्र लागतो आणि अँकरेजहून परतीचं विमान महाग पडतं, हा त्याचा तोटा. पुढे डेनाली राष्ट्रीय उद्यान जोडण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दरड सरकल्याने उद्यानातला ९२ मैलांचा रस्ता ४३व्या मैलाला बंद झाला आणि तिथे पुलाचं काम सुरू झालं. तुमच्या तारखांना बस कुठवर जाते ते विचारूनच पैसे भरा.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसा हा मार्ग निवडण्याचाच भाग समजावा. तिन्ही मार्गांना अमेरिका आणि कॅनडा दोन्ही व्हिसा लागतात. सिएटलहून निघालात आणि व्हिक्टोरियाला जहाजातून उतरणार नसलात तरी कॅनडाचा लागतो. तो सिएटललाच तपासतात आणि नसेल तर चढू देत नाहीत. सिएटलच्या फेरीत तुम्ही अमेरिकेत पुन्हा शिरता, व्हँकूव्हर ते व्हँकूव्हर फेरीत कॅनडात पुन्हा. त्या-त्या देशाचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. मुलगा-सून सिएटलला आहेत आणि आई-बाबा पुण्याहून येताहेत, अशा कुटुंबांत घोळ होतो तो इथेच. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, एच-वन-बी वाल्याला लागतो आणि आई-बाबांना तर लागतोच. हा अर्ज क्रूझचे पूर्ण पैसे भरायच्या मुदतीआधी मार्गी लागला पाहिजे, कारण त्यानंतर रद्द केल्यास कापले जाणारे पैसे झपाट्याने वाढतात.

महिना निवडताना आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी पथ्यावर पडते. आग्नेय अलास्कात मे हा त्यातल्या त्यात कोरडा महिना. डोंगरांवर बर्फ असतो, भाडं कमी असतं, गर्दीही कमी. हबर्डचा मार्ग घेतला असेल तर मात्र मे-जूनचा बर्फ आडवा येण्याची भीती. जूनच्या उत्तरार्धात अलास्काची राजधानी जुनोला अठरा तासांहून जास्त उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे नद्यांत चढतात आणि मागोमाग अस्वलं येतात. अस्वलंच बघायची असतील तर हाच काळ. सप्टेंबरला पाऊस आणि लाटा दोन्ही वाढतात. पण रात्री पुरेशा काळ्या होऊ लागतात, म्हणून आकाश मोकळं मिळालं तर उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. जूनच्या फेरीवर तो दाखवण्याची भाषा करणाऱ्या एजंटपासून दूर राहावं.

पावसाची तक्रार करून उपयोग नाही. वाटेतल्या केचिकन बंदराला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे आपल्या कोकणाएवढाच, फक्त चार महिन्यांऐवजी वर्षभर वाटलेला. बंदरांत दुपारी १० ते १८ अंश असतात, हिमनदीसमोरच्या डेकवर वाऱ्यामुळे त्याहून बरंच गार लागतं. एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर्मल, त्यावर फ्लीस आणि सगळ्यावर टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट असे थर उपयोगी पडतात. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि छत्री डेकवरच्या वाऱ्यात उलटी होते. दर माणशी एक दुर्बीण न्या, ८ बाय ४२ पुरते. व्हेल दिसला की एका दुर्बिणीवर घरात भांडणं होतात.

बंदरांच्या नावांपेक्षा तिथल्या वेळा वाचा. सिएटलच्या काही फेऱ्यांत केचिकन सकाळी सात ते दुपारी एक असं उरकलेलं असतं, तेवढ्यात लांबची सहल बसत नाही. उलट जुनोला दुपारी एकला पोहोचून रात्री दहाला निघणं उजेडामुळे छान जमतं. नॉर्वेजियनची जहाजं केचिकनमध्ये गावाबाहेर वॉर्ड कोव्हला लागतात, तिथून गावात यायला दहाएक किलोमीटर बसने. जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे आणि २०२६ पासून प्रवाशांचीही: दिवसाला १६ हजार, शनिवारी १२ हजार. गावाची वस्ती ३२ हजारांच्या आसपास, यावरून गर्दीचा अंदाज यावा. बंदरांची जहाज-कॅलेंडर इंटरनेटवर खुली असतात. दोन तारखा सारख्याच वाटत असतील तर ज्या दिवशी जुनोला जहाजं कमी, ती तारीख घ्या.

सहलींपैकी जुनोहून व्हेल बघायला जाणं सोडू नका. हंपबॅक व्हेल मोसमभर असतात. स्कॅगवे बंदरातली व्हाइट पास रेल्वे १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत बांधली. सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ती समुद्रसपाटीवरून ८७० मीटरवर चढते. चढताना डावी बाजू दरीची, शिखरावर प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात. माथ्यापर्यंत जाऊन परत येणारी फेरी घ्यावी. गाडीतून उतरून कॅनडात जाणारी सहल असेल तर पासपोर्ट-व्हिसा बरोबर लागतात, आणि ते केबिनच्या तिजोरीत विसरणारे दर वेळी दोन-चार तरी असतात.

आता जहाज. साधारण दोन हजार प्रवाशांचं जहाज मला या प्रवासाला योग्य वाटतं: जहाजाभोवती फिरता येईल अशी मोकळी डेक, उतरायला कमी रांगा. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र चार हजारांचंच घ्यावं, कारण पावसाच्या समुद्रातल्या दिवसात त्यांना आत काहीतरी उद्योग हवा. साठ-नव्वद प्रवाशांची छोटी जहाजं खाड्यांत आतवर शिरतात, त्यांचं भाडं कित्येक पटींनी जास्त आणि करमणूक शून्य. हॉलंड अमेरिका हिमनदीच्या दिवशी जहाजाचं पुढचं टोक प्रवाशांना उघडून देते आणि डेकवर वाटाण्याचं गरम डच सूप वाटते. मूळ कृतीत त्यात डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारल्याशिवाय कप उचलू नये.

बाल्कनी निघालो तिथेच परतणाऱ्या फेरीत चैन आहे, एकमार्गी फेरीत पैसे वसूल करते. उत्तरेला जाताना जहाजाची उजवी बाजू घ्या, दक्षिणेला येताना डावी. किनारा त्या बाजूला राहतो. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन बघा आणि खुला समुद्र सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा होत नाही. स्वस्त केबिनपुढे 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिलं असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते.

शाकाहारी जेवण सर्व मोठ्या कंपन्यांवर मिळतं, रात्रीच्या जेवणघरात भारतीय भाजी-भातही बहुधा. जैन जेवणाची नोंद मात्र बुकिंगसोबतच करावी, चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटावं आणि उद्याचं आज सांगत जावं.

भाड्याची तुलना करताना त्यात बंदर शुल्क आणि कर मिळवा, शिवाय माणशी रोज १६ ते २० डॉलर टिप. दोघांची सात रात्रींची नुसती टिपच २२४ ते २८० डॉलर होते. व्हेलची सहल माणशी दीडशे डॉलरच्या पुढे, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरणं साडेतीनशेच्या पुढे. हेलिकॉप्टर ढगांमुळे सर्रास रद्द होतं, पैसे परत मिळतात, पण त्या दिवसासाठी दुसरं काही ठरवलेलं नसेल तर तो गावातल्या दुकानांत जातो. म्हणून ते जिथे मिळतं त्या पहिल्याच बंदरावर घ्यावं, म्हणजे रद्द झालं तर पुढच्या बंदरात पुन्हा बघता येतं. मुंबईहून व्हँकूव्हर किंवा सिएटलला एक तरी विमान बदलावं लागतं आणि घड्याळात साडेबारा तासांचा फरक आहे. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोहोचा. उशिरा आलेल्या सामानाला जहाज थांबत नाही आणि पहिलं बंदर बहुधा तिसऱ्या दिवशी येतं.