एकदाच काय ते घालून टाका

"एकदाच काय ते घालून टाका, परत परत खर्च नको." कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जा, सर्व्हरची, म्हणजे सगळं ऑफिस ज्यावर चालतं त्या मोठ्या कॉम्प्युटरची, चौकशी करणारा मालक हे वाक्य बोलतोच. वीस वर्षं चालेल अशी लेथ निवडून घेणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभतंही. पण कॉम्प्युटर लेथसारखा घ्यायचा नसतो. हे पटवण्यात माझा अर्धा दिवस जातो, उरलेल्या अर्ध्या दिवसात मी केबल ओढतो.

मध्यंतरी शिरोलीतल्या एका मशीन शॉपचं काम आलं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, इथे टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग होऊन ट्रॅक्टर आणि पंपवाल्यांकडे जातं. चार सीएनसींवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) सुरू झालेला धंदा अकरावर पोचलाय. ऑफिसात सहा कॉम्प्युटर, ते पंधरापर्यंत जाणार. शेजारचा गाळा घेतलाय, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत प्लॉट बघणं चालू आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांच्या टेबलावर आधीच एक कोटेशन पडलं होतं: टॉवर सर्व्हर, ६४ जीबी रॅम, विंडोज सर्व्हर, पंचवीस जणांची लायसन्स, वर एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. "दहा वर्षं बघायला नको," असं सांगून दिलेलं.

कोटेशनात खोटं काही नव्हतं. त्या सर्व्हरवर चालणार काय, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. हिशेबाची टॅली, तिघेजण वापरतात. ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि थ्रीडी फाइली. हजेरीचं मशीन. क्वालिटीच्या एक्सेल शीट. बाकीचा धंदा व्हॉट्सअॅपवर. मग दुसरा प्रश्न: काय बंद पडलं तर गाडी गेटवर उभी राहते? अण्णा विचार करत बसले. उत्तर दिलं डिस्पॅचच्या पोरानं. "नेट, सर. नेट गेलं की बिल निघत नाही."

बरोबर होतं त्याचं. ई-इनव्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि पायरी पायरीनं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत आली. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल त्यावर गेली असेल तर पुढे धंदा कमी झाला तरी सुटका नाही. सरकारी पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते बिल कायद्यानं बिलच नाही. म्हणजे लाखोंचा सर्व्हर थंडगार खोलीत व्यवस्थित चालू असेल, बाहेर टेम्पोत माल भरलेला असेल, आणि रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं फायबर तोडली म्हणून ड्रायव्हर चहा पीत बसलेला असेल.

म्हणून पहिला खर्च नेटवर. एक फायबर, आणि दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं, तेही वेगळ्या वाटेनं येणारं. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून आल्या तर जेसीबी दोन्ही एका झटक्यात तोडतो. आम्ही दुसरा सिमवरचा राउटर घेतला आणि पुढे दोन्ही लाइनी सांभाळणारा राउटर लावला. एक पडली की तो आपोआप दुसरीवर जातो.

माझा ठोकताळा साधा आहे. जे भिंतीत किंवा जमिनीत जातं ते गरजेपेक्षा मोठं घ्यायचं. जे टेबलावर बसतं ते आज लागेल तेवढंच. आणि जे दुसऱ्याच्या मशीनवर चालतं ते महिन्याच्या बोलीवर.

भिंतीतल्या कामावर मी हट्टानं खर्च करायला लावतो. पाइप मोठ्या व्यासाचा, जिथे एक केबल पुरेल तिथे दोन. कॅट-६, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल, शंभर मीटरच्या पुढे खात्रीची नसते. ऑफिस ते शेजारचा गाळा हे अंतर सरळ मोजलं तर कमी भरतं, पण केबल सरळ जात नाही. ती ट्रसवर चढते, वळसा घालते, उतरते. शिवाय दोन गाळ्यांचं अर्थिंग वेगळं, मध्ये वेल्डिंग आणि मोठ्या मोटरांचे ड्राइव्ह. तिथे आम्ही फायबरच टाकली. काचेतून करंट जात नाही, त्यामुळे एका गाळ्यातला झटका दुसऱ्या गाळ्यातल्या नेटवर्कच्या स्विचपर्यंत येत नाही. स्विच चोवीस पोर्टचा घेतला, कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज देणारा. अण्णा म्हणाले, "सोळाचा चालला असता की." आज चालला असताच.

आणि शॉप फ्लोअरवर पंख्याचा कॉम्प्युटर नाही म्हणजे नाही. बिडाचं मशीनिंग जिथे चालतं तिथली काळी पूड ज्यानं बोटावर घेतलीय त्याला हे सांगावं लागत नाही. त्यात ग्रॅफाइट असतं, ती वीज वाहून नेते, वरून कूलंटची वाफ बसली की बोर्डावर थर धरतो. कॅबिनेटचा पंखा ती पूड इमानेइतबारे आत ओढत राहतो. तिथे बिनपंख्याचा छोटा पीसी, बंद डब्यात. महाग पडतो, पण सारखा बदलावा लागत नाही. यूपीएस ऑनलाइन प्रकारचा (सगळा वेळ स्वतःमधूनच वीज देणारा), आणि तो लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घेतलं. या एका कामाला कोणी पैसे द्यायला तयार नसतं.

आता भाड्याचं, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर नेटवरून चालणाऱ्या कामाचं, ज्याला क्लाउड म्हणतात. महिन्याचं बिल म्हटलं की आपल्याकडे कपाळावर आठ्या. "भाडं म्हणजे बुडीत खातं" हे घराच्या बाबतीत आपल्याला शिकवलेलं असतं, ते सगळीकडे लागू होतं. पण आपल्या भागातला धंदा वाढतो तसा आकसतोही. २०१९ मध्ये वाहन उद्योगाची मागणी घसरली तेव्हा तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, कुठे एक झाली. ऑर्डर कमी झाली की भाड्याचे दहा मेलबॉक्स सहा करता येतात. विकत घेतलेल्या सर्व्हरचा अर्धा भाग परत करता येत नाही. विकणारा प्रत्येकजण 'वाढ झाली की काय' हे सांगतो. मी क्लायंटला उलटं विचारतो.

तरीही सगळं क्लाउडवर टाका असं मी म्हणत नाही. अण्णांची टॅली अजून ऑफिसातल्याच एका बऱ्यापैकी पीसीवर आहे, दोन एसएसडींवर एकसारखी नक्कल होत असलेली. तिघांसाठी ते पुरतं. कागल सुरू झालं, तिकडूनही एंट्र्या करायच्या झाल्या, की ती भाड्याच्या मशीनवर हलवू. तेव्हाचा हिशेब आत्ताच करून ठेवलाय. महिन्याचे साधारण ७३० तास होतात. रोज दहा तास, सव्वीस दिवस धरले तर २६०. तासावर भाडं असलेलं मशीन रात्री आणि सुट्टीला आपोआप बंद केलं तर तासांचं बिल जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. बंद असताना डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं, आणि सवलतीच्या वार्षिक करारात हा फायदा मिळत नाही. हे कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात नसतं.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मी काटकसर करू देत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर, हा जुना नियम आहे. 'गावाबाहेर' हा शब्द कोल्हापुरात हलक्यानं घेऊ नये. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद झाला. अण्णा बॅकअपची हार्डडिस्क रोज घरी न्यायचे. घर शाहूपुरीत, तळमजल्यावर. कारखान्यात पाणी शिरेल त्या आठवड्यात घर तरी कोरडं राहील याची हमी कोण देणार? आता रात्रीची प्रत आपोआप मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये जाते. मुंबई आणि पुण्यात मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आहेत, त्यामुळे त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानंही लागतं, सीएंना विचारा.

कायम जोडलेली हार्डडिस्क ही प्रत धरू नका. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की ते मूळ फाइलींबरोबर तिलाही कुलूप लावतं. हे मोठ्यांनाच होतं असं वाटत असेल तर, जून २०१७ मध्ये नोटपेट्या नावाच्या व्हायरसनं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं, आणि त्या बंदराशी काही देणंघेणं नसलेल्या लहानमोठ्या अनेक कंपन्याही, विशेषतः युक्रेनमध्ये, अडकल्या. आपल्याकडे चोराला दार बहुतेक वेळा आपणच उघडून देतो: सीएंना घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचं (दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीचं) पोर्ट सरळ इंटरनेटवर मोकळं ठेवलेलं. अण्णांकडेही होतं. ते बंद करून व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी वाट, दिलं. सीएंच्या ऑफिसातून आठवडाभर कुरकुर आली, मग थांबली.

पीसींबद्दल फार लिहीत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत, त्यामुळे चांगले चालणारे बरेच पीसी एकदम जुने झाले. अण्णांकडचे तीन बदलले, मोठ्या कंपन्यांच्या लीजवरून परतलेले आणि दुरुस्त करून वॉरंटीसह मिळणारे घेऊन. एक मात्र मुद्दाम ठेवलाय. विंडोज ७ चा, जुन्या सीएनसीला सिरीयल केबलनं प्रोग्रॅम पाठवणारा. ते मशीन अजून मायक्रॉनमध्ये काम देतं, त्याला हात का लावायचा? त्याचं नेटवर्क वेगळं केलं, इंटरनेट तोडलं, बस.

शेवटी नावांची यादी केली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कुणाच्या नावावर आहे? जुन्या वेबसाइटवाल्याच्या. राउटरचा पासवर्ड कुणाकडे? सोडून गेलेल्या मुलाकडे. मेलचा अॅडमिन कोण? कुणालाच माहीत नव्हतं. कंपनी लवचिक हवी म्हणायचं आणि चाव्या दुसऱ्याच्या खिशात! हे सगळं कंपनीच्या नावावर आणायला केबल ओढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. पासवर्ड आता एका सीलबंद पाकिटात अण्णांच्या तिजोरीत आहेत, आणि माझी एएमसी उद्या बंद केली तरी काम अडणार नाही असं मी त्यांना लिहून दिलंय. माझ्या धंद्यातले मित्र यावर हसतात.

एकूण खर्च त्या पहिल्या कोटेशनच्या निम्म्याच्या आत बसला. त्यातला सगळ्यात मोठा भाग केबल, अर्थिंग आणि यूपीएसचा. अण्णांना उरलेल्या पैशात लगेच ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं होतं. मी म्हटलं, आधी स्टोअरच्या मॅडमना आयटमचे कोड एकसारखे करू देत; एकाच बोल्टची चार नावं असताना ईआरपी घेतलं तर चार नावांचं ईआरपी मिळेल. मॅडम सध्या यादी करतायत. साडेतीनशेवर आलीय, अजून मागचं कपाट उघडायचंय.