डाव्या हाताची वीत

गाठोडं आलं की मी आधी वास घेते. डांबरगोळीचा वास असेल तर कापड बहुधा धड असतं, कारण कुणीतरी ते जपलेलं असतं. कुबट वास आला की निम्मं जाणार हे धरून चालायचं. मग एकेक लुगडं खिडकीशी न्यायचं, उजेडावर धरायचं आणि दोन्ही अंगठ्यांत पकडून हलकंच ताणायचं. चांगलं सूत ताण खाऊन परत जागेवर येतं. जिरलेलं सूत 'चर्र' करतं. तो आवाज गिऱ्हाइकासमोर झाला तर मीच त्यांच्या आईला काही केल्यासारखे बघतात, म्हणून ही तपासणी ते गेल्यावर.

हमखास दगा देतं ते काळं. जुन्या काळ्या लुगड्यांना बऱ्याचदा गंधकाचा रंग असतो. पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचं हळूहळू आम्ल होतं आणि ते सुताला आतून खातं. वरून चंद्रकळा काल नेसल्यासारखी दिसते, आणि घडी मोडली की घडीवरच फाटते. "आईनं फक्त संक्रांतीला नेसली हो, नवीच आहे," असं लोक सांगतात. वरचेवर धुतली असती तर कदाचित टिकली असती, हे मी त्यांना सांगत नाही.

मी 13 वर्षं गोधड्या शिवते. पुण्यात एक खोली, दोन मदतनीस बाया, एक शिलाई मशीन (फक्त तुकडे जोडायला, गोधडीचा टाका हातानंच), आणि मोबाइलमध्ये साठवलेली दोनेक हजार चित्रं. त्या चित्रांबद्दल नंतर.

जूनमध्ये साठीच्या एक बाई आल्या. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. गाठोड्यात तिची 8 लुगडी, त्यातली 3 इरकली. मागणी नेहमीचीच: नातीसाठी गोधडी. नात डलासला. मोबाइलवर फोटो होता, पांढऱ्यावर निळ्या चांदण्या, सगळी टोकं अणकुचीदार. "अगदी असंच हवं, आणि मशीनला धुता आलं पाहिजे." चाळीस वर्षं वापरलेल्या सुताला अणकुचीदार टोकं काढली तर शिवणीत दुमडायला कापडात जीव उरत नाही, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आर्टिस्ट आहात, कराल काहीतरी." आर्टिस्ट हा शब्द माझ्या धंद्यात फक्त दोन वेळा कानावर येतो. एक असा, आणि दुसरा प्रदर्शनात पैसे कमी करून मागताना.

गाठोड्याच्या तळाशी एक अर्धवट गोधडी होती. "ती आईनं काढली होती, राहून गेली. उसवून टाका, कापड वापरा." एवढं सांगून त्या गेल्या.

आमच्याकडच्या गोधडीचा टाका काठापासून सुरू करून आत आत फिरवत नेता येतो, चौकोनी भोवऱ्यासारखा. या गोधडीवर अशा 11 फेऱ्या होत्या. बघणाऱ्याला वाटतं, एवढी मोठी गोधडी आणि काम वीतभरच झालंय. हिशोब करा. गोधडी 6 फूट बाय 4 फूट. दोन ओळींत बोटभर अंतर. सगळी मिळून पावणेचारशे ते चारशे फूट धावदोरा लागतो, इंचाला 5 टाके धरले तर बावीस-चोवीस हजार टाके. बाहेरच्या फेऱ्या सगळ्यात लांब असतात, त्यामुळे काठाची ती वीतभर पट्टी म्हणजे जवळजवळ अर्धी गोधडी. त्या बाईनं अर्धं काम केलं होतं, आणि लेकीला ते उसवण्याजोगं वाटलं होतं.

उसवायलाच बसले होते मी. पण उसवताना टाका वाचावा लागतो. गाठ कुठे मारलीय, दोरा संपताना मागे दोन टाके कुठे घेतलेत, हे कळलं तरच कापड न फाटता दोरा निघतो. पहिल्या 4 फेऱ्या इतक्या रेखीव होत्या की मी मोजपट्टी लावून पाहिली. सहाव्या-सातव्या फेरीपासून टाका लांबायला लागला. नवव्या फेरीत गाठी आतल्या थरात लपवायच्या सोडून वरच आल्या होत्या. अकराव्या फेरीत एक टाका तांदळाएवढा तर पुढचा अख्ख्या पेरभर. तिथेच सुई कापडात टोचलेली, गंजलेली, भोवती तांबूस डाग. डोळे गेले असतील, किंवा हात थरथरत असेल.

आणि एक गोष्ट दिसली ती मला दोन दिवस कळेना. सगळ्या गाठी उलट्या टोकाला होत्या. काठ मांडीवर घेऊन बसलं की माझा दोरा उजवीकडून डावीकडे जातो, हिचा डावीकडून उजवीकडे गेलेला. आधी वाटलं, ही गोधडीवर चढून आतल्या बाजूनं काठाकडे तोंड करून बसत असेल. मग कोपरे पाहिले. कोपऱ्यावर वळताना कापडाला जी चूण पडते तिचा कल पाहिला, तर तसं बसून ती चूण पडणार नाही. डावखुरी असावी, असा मी अंदाज बांधला.

मी बाईंना फोटो पाठवला: 'चांदण्यांऐवजी आईंचीच गोधडी पुढे पुरी करते, चालेल का?' दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ते होकार म्हणून धरलं. ते चुकलंच माझं. फोन करायला हवा होता. पण फोन केला तर 'नको' ऐकावं लागेल, हे मला माहीत होतं.

आता ती दोन हजार चित्रं. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा रात्रभर झोपले नाही. पुढची दोन वर्षं मी तसेच वाकडे पट्टे, तसाच तांबडा-तपकिरी करत राहिले. मग उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, पाहिल्या. त्यांच्या कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं असतात, तर मीही फुलं लावायला लागले. माझ्याकडच्या थोरल्या मावशी साताऱ्याकडच्या आहेत. त्यांनी एकदाच विचारलं, "ही कुणाची पद्धत, ताई?" मी काहीतरी 'प्रेरणा' वगैरे बोलले. त्याच वर्षी प्रदर्शनात एका गृहस्थांनी माझ्या गोधडीला हात लावून विचारलं, "हे जपानी का?" संध्याकाळपर्यंत चार जणांनी विचारलं. माझी आजी सातारा जिल्ह्यातली, तिच्या वाकळेत मी बारा वर्षं झोपले, आणि माझं काम बघून लोकांना जपान आठवत होतं.

म्हणून या अर्ध्या गोधडीवर मला उतावीळ झाली होती. इथे चित्र नव्हतं, रचना ठरलेली होती, फक्त पुढचा टाका घालायचा होता. मग तोच अडला. माझा सवयीचा टाका घालावा, तर अकराव्या फेरीला बाराव्या फेरीनं धडा शिकवल्यासारखं दिसलं असतं. मी ठरवलं, तिच्यासारखं शिवायचं. उजव्या हातानं मुद्दाम वाकडं शिवून पाहिलं. ते मुद्दाम वाकडं दिसत होतं, लहान मुलाच्या अक्षराची नक्कल केल्यासारखं. मग सुई डाव्या हातात घेतली.

एक अख्खा दिवस गेला. अंगुस्तान डाव्या बोटात बसेना. पाच थरांतून सुई खाली जायची ती वर कुठून येईल याचा भरवसा नव्हता, बोटाला दहा वेळा टोचली. संध्याकाळपर्यंत वीतभर ओळ झाली. कुठे तांदूळ, कुठे पेर. थोरल्या मावशी घरी जायला उठल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "तिच्या हातानं थापाय गेलात तर भाकरी तुटंल की." माझ्या कामावर मावशी वर्षातून दोन-तीनदा बोलतात. मला राग आला, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वीत उसवायला घेतली. पण तिथे वरचं विटकरी लुगडं इतकं विरलं होतं की पहिलाच टाका काढताना भोक पडलं. मी थांबले, भोक रफू केलं, ती ओळ तशीच सोडली आणि तिथून पुढे माझ्या उजव्या हातानं, माझ्या टाक्यानं, माझ्या दिशेनं शिवलं. जिथे दोरे समोरासमोर येतात तिथे दोन्ही टोकं उघडी दिसतात. लपवायचा प्रयत्न केला नाही. त्या तीन आठवड्यांत मी मोबाइलमधलं एकही चित्र उघडलं नाही. मधला भाग पुरा झाला तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं की हे मी शिवलंय, हे दुसऱ्या कुणाचं वाटणार नाही.

बाई सुनेला घेऊन आल्या. आधी, "चांदण्या कुठायत?" मी सांगितलं. "मी कुठे हो म्हटलं होतं?" म्हणाल्या. बरोबरच होतं. सून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, तिनं तो थांबवला आणि मग हळूच परत सुरू केला.

बाई खाली बसल्या. काठावरून हात फिरवला. त्या पहिल्या रेखीव 4 फेऱ्यांवर. "हे तुमचं काम सुंदर आहे हं, कसं सरळ." मी काही बोलायच्या आत हात आत सरकला, गंजाच्या डागापाशी आला, आणि त्याच्या पुढच्या वितीवर थांबला. माझ्या. डाव्या हाताच्या. त्यांनी तळवा तिथेच दाबून ठेवला. "ही आई," म्हणाल्या. "हा तिचा टाका. डावरी होती ना ती. आजीनं मारून मारून जेवायला उजवा हात लावला, पण सुई डाव्याच हातात. शेवटी शेवटी दिसायचं नाही तरी शिवायची. मी ओरडायचे." आणि मग त्या रडल्या.

मी म्हणाले, "हो का."

एवढंच म्हणाले. दुरुस्त करायला अर्धं मिनिट होतं माझ्याकडे. सून व्हिडिओ काढत होती हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलंय. बाईंनी उरलेले पैसे मोजून दिले, गोधडी छातीशी धरून गेल्या. चांदण्यांचं नाव नाही. मधल्या भागाबद्दल, माझ्या तीन आठवड्यांबद्दल, जाता जाता एकच वाक्य: "बाकीचं पण अगदी एकसारखं झालंय, मशीनसारखं."

रात्री मी हिशोब मांडत बसले. त्यांच्या आईचं सगळ्यात चांगलं काम त्यांनी मला दिलं. माझं सगळ्यात वाईट काम आईला दिलं. आणि जे खरोखर माझं, ते मशीनला. डावखुरेपणाचा माझा अंदाज बरोबर निघाला याचा आनंद झाला, हेही लिहायला हवं. कापडावरून बाई ओळखली होती मी. आणि त्यांनाही आई ओळखू आलीच, त्यांनी शेवटची दोन वर्षं पाहिलेली, चाचपडणारी आई. ती माझ्या चुकलेल्या टाक्यांत होती का? मावशींना विचारलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या. "तुम्ही सांगितलं का न्हाई त्यास्नी?" एवढंच म्हणाल्या, आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

सुनेनं तो व्हिडिओ बहुतेक नातेवाइकांना पाठवला असावा. कारण मागच्या मंगळवारी एक फोन आला. आवाज तरुण, घाईतला. "मॅडम, तुम्ही गेलेल्या माणसाच्या हातासारखं हुबेहूब शिवून देता ना? माझ्या सासूबाईंच्या तीन साड्या आहेत. त्यांचं शिवलेलं जुनं एक दुपटं पण आहे, नमुन्याला. किती घ्याल?"

मी म्हणाले, उद्या सांगते. आज शनिवार. ते दुपटं तिनं कुरिअरनं पाठवूनही दिलंय. टाका बारीक आहे, सरळ, उजव्या हाताचा. सोपा आहे.