होम्सचा टांगा आणि माझी थांबलेली लेखणी

आठवीत असताना मी फास्टर फेणेला अंबाजोगाईला आणले होते. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा आमच्या गावी येतो, मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत चोरांचा माग काढतो आणि शेवटी आमच्याच शाळेच्या पटांगणावर त्याचा सत्कार होतो, अशी ती बावीस पानांची कथा मी गणिताच्या वहीत मागच्या बाजूने लिहिली होती. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन चाहत्याने रचलेल्या अशा कथेला फॅन फिक्शन म्हणतात, हे मला त्यानंतर कित्येक वर्षांनी समजले. तोवर मी शाळेत शिक्षिका झाले होते आणि लिहिणे प्रश्नपत्रिका व शेरे यांच्यापुरतेच उरले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा लिहायला बसले, ते शेरलॉक होम्सवर. आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा लिहिल्या. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात मारून टाकले आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, तो मेलाच नव्हता असे सांगून परत आणले. कथेतल्या कालगणनेनुसार तो मे १८९१ पासून एप्रिल १८९४ पर्यंत बेपत्ता असतो. परत आल्यावर तो आपला मित्र आणि त्याच्या कथा सांगणारा डॉक्टर वॉटसन याला सांगतो की, सिगरसन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी म्हणून मी दोन वर्षे तिबेटात हिंडलो, नंतर इराण, मक्का आणि खार्टूम करून फ्रान्समध्ये पोहोचलो. तिबेटातून इराणकडे जाणारा माणूस कोणत्या वाटेने गेला असेल, याबद्दल मूळ कथेत एक अक्षर नाही. मला हवी असलेली जागा मला तिथे सापडली. १८९३ साली तो निजामाच्या राज्यात, आमच्या मराठवाड्यात, महिनाभर येऊन गेला असे मी ठरवून टाकले.

हे लेखन प्रथमच करणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, असे मला कोणी विचारले तर मी याच जागेकडे बोट दाखवीन. मूळ लेखकाने जे भरभरून सांगितले आहे ते पुन्हा सांगण्यात काही हाती लागत नाही. त्याने जिथे एका वाक्यात तीन वर्षे उरकली, एखादे पात्र दारातून आत आणले आणि नंतर विसरून गेला, तिथे चाहत्याला उभे राहायला जागा असते. मी त्यासाठी एक वही केली. डाव्या पानावर मूळ कथा काय सांगते ते लिहिले: तारखा, होम्सच्या सवयी, त्याला काय येते आणि काय येत नाही. उजव्या पानावर ती कशाबद्दल गप्प आहे ते लिहिले. पंधरा दिवसांनी उजवे पान जास्त भरले होते. इंग्रजीतले चाहते मूळ लेखनाला कॅनन म्हणतात आणि त्याच्याशी विसंगत काही लिहिले की लगेच हटकतात, त्यामुळे डाव्या पानाचा उपयोग मला पुढेही होत राहिला.

पहिली खरी अडचण मात्र इंग्रजी चाहत्यांना कधी येणारच नाही अशी होती. होम्स कोणाला अरे-तुरे करतो? इंग्रजीत एका सर्वनामावर सगळे भागते. मराठीत तोंड उघडताच माणसाला आपले नाते ठरवावे लागते. टांगेवाल्याला तो ‘तू’ म्हणाला की साहेब होतो, ‘तुम्ही’ म्हणाला की खोटा वाटतो. शिवाय तो बोलतो कोणत्या भाषेत? औरंगाबादचा टांगेवाला दखनी बोलणार, कचेरीतला कारभार उर्दूतून चालणार, बाजारात मराठी ऐकू येणार. मी सुरुवातीला याकडे डोळेझाक केली आणि सगळ्यांना एकसारखे पुस्तकी मराठी बोलायला लावले. पहिला मसुदा वाचून माझा कॉलेजात शिकणारा भाचा म्हणाला, “मावशी, होम्स असं कामून बोलू लालाय? आमच्या हेडमास्तरावानी वाटायलाय.” मला राग आला, पण त्याचे म्हणणे खरे होते.

तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर लेखणी थांबली. होम्स औरंगाबादच्या रेल्वे स्टेशनवर उतरतो, फलाटावर त्याला एक हमाल भेटतो आणि पाणचक्कीला पाणी आणणाऱ्या नहरीचे, म्हणजे जुन्या जलवाहिनीचे, पाणी रोज रात्री एक तास बंद पडते, हे गूढ त्याच्या कानावर येते, इथपर्यंत मी लिहिले होते. पुढचे वाक्य मला चार महिने सुचले नाही. या काळात मी जे जे केले ते सांगते, म्हणजे इतरांना तेवढा वेळ वाचवता येईल. पहाटे चारला उठून पाहिले. झोप गेली आणि पान कोरेच राहिले. रोज पाचशे शब्द लिहायचा नेम केला. सहाव्या दिवशी तो मोडला आणि सातव्या दिवशी अपराधीपणाने वहीच उघडली नाही. होम्सवरच्या मालिका पाहिल्या, तेव्हा तर माझ्या डोक्यातला होम्स पुसून त्या नटाचा चेहराच तिथे जाऊन बसला. प्रतिभा आटली असे मी मैत्रिणींना सांगत असे. ज्या गावात संतकवी दासोपंतांनी चाळीस हात लांब पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, ग्रंथ लिहिला आणि सातशे श्लोकांच्या गीतेवर सव्वा लाख ओव्या रचल्या असे सांगतात, त्या गावात राहून एका हमालाच्या तोंडचे वाक्य मला सुचू नये, याची शरम वाटे ती वेगळीच.

उन्हाळ्यात परभणीला माहेरी गेले. अण्णांची सगळी नोकरी रेल्वेत, तीही बरीचशी मीटरगेजवर झालेली. त्यांना गोष्टींचे वेड नाही, पण मी रडकुंडीला आलेली पाहून त्यांनी गोष्ट काय आहे ते विचारले आणि मी सांगू लागले. स्टेशनपर्यंत येताच त्यांनी हात वर केला.

“कोणत्या साली उतरला म्हणालीस?”

“१८९३.”

“मग तो उतरलाच न्हाई, माय. तवा औरंगाबादेत रूळच नव्हते. मनमाडहून आपल्याकडं येणारी लाइन १९०० च्या आसपासची.”

मी उलट विचारले, “अण्णा, मग तुम्हीच सांगा, त्या काळी मुंबईहून औरंगाबादला लोक यायचे कसे?” त्याचे उत्तर मला पुढे जुन्या प्रवासवर्णनांत आणि १८८४ साली छापलेल्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या आधाराने जुळवावे लागले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने यायचे, नांदगावला उतरायचे आणि तिथून टांग्याने वेरूळवरून औरंगाबाद गाठायचे. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचे. म्हणजे माझ्या होम्सला पाच मिनिटांत फलाटावर उतरवण्याऐवजी निजामाच्या हद्दीतून भर उन्हात एवढा लांबचा प्रवास करायचा होता, आणि मी त्याला नसलेल्या स्टेशनावर उभा करून पुढचे वाक्य मागत होते.

लेखनातल्या अडथळ्याबद्दल माझे जे काही मत झाले आहे ते या एका प्रसंगातून झाले. पुढचे वाक्य सुचत नसेल तर चूक बहुतेक वेळा मागे, दोन-चार पानांवर असते. तिथे आपण काहीतरी न जाणता किंवा आळसाने खोटे लिहिलेले असते आणि आपल्याला उमगले नसले तरी आतून पटलेले नसते. मला ते स्टेशन कधी दिसतच नव्हते. मी आज पाहते तेच स्टेशन मी मनात आणत होते, आणि त्यात १८९३ चा माणूस काही केल्या मावत नव्हता. म्हणून आता अडले की मी शेवटचे वाक्य घासत बसत नाही. मागे जाऊन पात्र जिथे शेवटचे जिवंत वाटले होते तिथपर्यंतची पाने बाजूला ठेवते. त्या वेळी चौदा पाने गेली. वाईट वाटले, पण फाडली नाहीत. हमाल पुढे दुसऱ्या कथेत कामाला आला.

टांग्याने दुसरी गाठही सोडवली. होम्सच्या कथा आपल्याला वॉटसनकडून ऐकायची सवय असते, आणि या तीन वर्षांत वॉटसन तर मित्र मेला असे समजून लंडनमध्ये शोक करत आहे. मी होम्सच्याच तोंडून सांगू पाहिले, तेव्हा गूढ राहीना, कारण त्याला सगळे आधीच कळत होते. लांबच्या प्रवासाला सोबती लागतो, म्हणून मी नांदगावहून त्याच्याबरोबर एक दुभाष्या दिला. नाशिकला थोडे इंग्रजी शिकलेला आणि औरंगाबादेत चुलत्याकडे नोकरी शोधायला निघालेला एक तरुण. दुभाष्या सगळ्यांचे ऐकतो, पण त्याने फक्त दुसऱ्याचे बोलणे पोहोचवायचे असते. त्याला जे समजते ते आणि तो जे बोलतो ते यांच्यात एक फट राहते. कथा त्या फटीत चालू लागली. अरे-तुरेचा प्रश्नही सुटला. होम्स इंग्रजीत काय म्हणाला ते आपण ऐकतच नाही. टांगेवाल्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हे दुभाष्या ठरवतो, आणि पहिल्या दिवशी ‘तू’ म्हणणारा हा मुलगा तिसऱ्या दिवशी आपण होऊन ‘तुम्ही’ म्हणू लागतो.

यानंतर लेखणी पुन्हा अडली नाही असे मुळीच नाही. लहान अडथळे रोजचेच असतात आणि त्यांना लहान उपाय पुरतात. संवाद सुचला नाही तर मी चौकोनात ‘इथे भांडण, पैशांवरून, हाली सिक्क्यात’ एवढेच लिहून पुढे जाते. निजामाच्या राज्यात इंग्रजी रुपयापेक्षा वेगळा हाली सिक्का चालत असे आणि नांदगावहून आलेल्या प्रवाशाशी भाड्यावरून खटका उडायला तेवढे निमित्त पुरे होते. दिवसाचे लिखाण वाक्य अर्धे असताना थांबवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पुरे करण्याच्या निमित्ताने हात चालू होतो. एखादे पात्र मुकेच राहिले तर त्याच्याकडून घरी पत्र लिहवून घेते; पत्र कथेत जात नाही, पण त्याचा आवाज सापडतो. वेळेचे म्हणाल तर कुकर लावून तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्याने लिहायचे, ही माझी पद्धत. एवढ्या थोड्या वेळात चांगले लिहिले जाईल अशी अपेक्षाच नसते, म्हणून भीतीही नसते. फोनवर बोलून लिहिण्याची सोयही वापरून पाहिली, पण तिने होम्सचे नाव दरवेळी ‘होम’ आणि सिगरसनचे ‘शिकारसन’ केले, तेव्हा तो नाद सोडला.

कथा वाचून एका परिचिताने, “ही तर दुसऱ्याची चोरी,” असे तोंडावर सांगितले. मी त्यावर बराच विचार केला. पैठणच्या एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले आणि पुढचे गावबा या शिष्याने पूर्ण केले, अशी परंपरा आहे. जात्यावरच्या ओव्यांत आमच्या आजी-पणजींनी सीतेला सासुरवास घडवला, कैकेयीला खाष्ट सासू केले आणि राम सीतेच्या तोलाचा नाही असेही रामाला सुनावले. आपल्या लाडक्या पात्राचे पुढे काय झाले, हे स्वतः रचून सांगण्याची खोड आपल्याकडे फार जुनी आहे. पण एकनाथांनीच शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, ठेवली, असेही बजावले. मला हा भेद नेमका वाटतो. शेजारी आपले ताट मांडायला हरकत नाही. दुसऱ्याच्या ताटात आपले वाढून ते त्याचेच म्हणून खपवू नये. म्हणून कथेच्या आरंभी पात्रे कोणाची आणि घटना कोणाच्या, हे मी स्पष्ट लिहिते. कायद्याचा भागही लक्षात ठेवावा लागतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. डॉयल १९३० साली वारले, त्यामुळे होम्स मोकळा आहे. भागवत २००१ साली गेले, त्यामुळे आठवीतली ती वही घरच्यांपुरतीच राहील.

कथा पूर्ण व्हायला त्या उन्हाळ्यापासून पाच महिने लागले. छापून काढलेली प्रत मी दोघांना दिली. भाच्याला होम्स पाठ आहे, म्हणून त्याने कॅननशी न जुळणाऱ्या तीन जागा काढून दिल्या. अण्णांनी होम्स कधीच वाचलेला नाही, म्हणून ती त्यांना दिली. ज्याला मूळ माहीत नाही त्यालाही गोष्ट कळते की नाही, हे दुसऱ्या कोणाकडून कळणार? चष्मा लावून त्यांनी दोन दिवसांत ती वाचली. नहरीचे गूढ त्यांना आवडले की नाही, ते त्यांनी सांगितले नाही.

“एवढ्या लांबच्या वाटेला एकच घोडा?” एवढेच त्यांनी विचारले.

त्या रात्री मी वेरूळच्या अलीकडे एक टप्पा घातला, दुभाष्याला पाण्याच्या घागरीजवळ बसवले आणि घोडा बदलला.