एका बादलीत

सकाळची ओहोटी. प्रवाळ खडकावरच्या प्राण्यांच्या नोंदी घेता घेता माझे डबे संपले. शेवटी सापडलेली फिलिडिया व्हॅरिकोसा मी लहान मासे ठेवलेल्या बादलीतच सोडली. काही मिनिटांचाच प्रश्न आहे, असं वाटलं.

ही कवच नसलेली समुद्री गोगलगाय. बोटभर लांब, काळ्या अंगावर निळसर करडे उभे कंगोरे, त्यांवर पिवळ्या टोकांच्या गाठी, पुढे दोन पिवळी शिंगं. तिच्या बऱ्याच भाईबंदांच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा असतो. हिचे कल्ले कडेच्या झालरीखाली दडलेले. उलटी केली की तळव्यावर मधोमध काळी रेघ दिसते. ती रेघ बघितल्याशिवाय मी वहीत नाव लिहीत नाही.

किनाऱ्यावर येऊन झाकण काढलं तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. दोन आडवे झाले होते. पाण्याला कधी न आलेला उग्र वास. मी घाईने पाणी बदललं, पण एकही वाचला नाही. गोगलगाय मात्र बादलीच्या कडेने शांतपणे वर चढत होती.

सरांनी बादलीत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हिला नेहमी वेगळं ठेवायचं. त्रास झाला की ती विषारी चिकटा सोडते."

हा चिकटा मासे आणि खेकडा-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांना मारतो, हे जोहान्स या संशोधकांनी 1963 सालीच लिहून ठेवलं होतं. पुढे 1975 मध्ये हवाईतल्या रसायनतज्ज्ञांना त्यातलं विष मिळालं, आणि तेच विष ती खाते त्या स्पंज नावाच्या समुद्री प्राण्यातही सापडलं. म्हणजे विष मुळात स्पंजाचं. हिला खरवडायला दातांची पट्टीसुद्धा नसते. पाचकरस सोडून ती स्पंज शोषून घेते, आणि त्याचं हत्यार स्वतःच्या अंगात साठवते. हे मला आजही थक्क करतं. ते मासे मात्र माझ्या घाईने गेले, आणि वहीत मी तसंच लिहिलं.

दुपारी आणखी एक दिसली. तेच काळं, तेच निळसर, त्याच पिवळ्या गाठी. या वेळी वेगळा डबा, ताजं पाणी. रेघ बघायला अलगद उलटी केली, तर रेघ नव्हतीच. खाली इवल्या नलिकापादांची दाटी होती, आणि ते डब्याच्या तळाला चिकटायला धडपडत होते. समुद्रकाकडीचं, म्हणजे तारामाशाच्या नात्यातल्या एका प्राण्याचं, पिल्लू होतं ते.